चांदीच्या भांड्यांची पेटी निवडताना: आधी अस्तर, मग लाकूड

आमच्या घरची चांदी सासूबाईंच्या वेळेपासून पत्र्याच्या ट्रंकेत असायची, जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळलेली. गौरींना आणि लक्ष्मीपूजनाला बाहेर यायची तेव्हा जराशी पिवळसर झालेली असे, इतकंच. मग मला हौस आली. सागवानी पेटी करून घेतली, पितळी कोपरे, आत हिरवीगार बनात, म्हणजे जाड लोकरी कापड. दिवाळी झाल्यावर सगळी चांदी त्यात नीट रचली आणि पुढच्या वर्षी गौरींच्या आदल्या दिवशी पेटी उघडली. ताटांच्या कडा निळसर-जांभळ्या पडल्या होत्या आणि बनातीला टेकलेला भाग तव्यासारखा काळा. ट्रंकेत इतक्या वर्षांत जे झालं नाही ते दहा हजारांच्या पेटीत एका पावसाळ्यात झालं.

सुताराला दोष देऊन उपयोग नव्हता. त्याने भारीतलं भारी कापड लावलं होतं. चांदीला लोकर चालत नाही हे त्यालाही माहीत नव्हतं, मलाही. त्या वर्षानंतर मी या विषयाच्या मागेच लागले. जे हाती लागलं ते इथे क्रमाने सांगते.

चांदी काळी का पडते

चांदीला लोखंडासारखा हवेतल्या प्राणवायूने गंज चढत नाही. तिचं वैर गंधकाशी. हवेत हायड्रोजन सल्फाइड अब्जात एखाद्या भागाइतकं असलं तरी चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसू लागतो: आधी पिवळसर, मग तांबूस-निळसर, शेवटी काळा. हवा दमट असली की हे भराभर होतं. म्हणून एकच समई पुण्यात वर्षभर बरी राहते आणि रत्नागिरीला दोन महिन्यांत मळते.

घरात गंधक येतं कुठून? अंडी, कांदा, लसूण, आणि आपला हिंग. त्याचा तो वास गंधकाच्या संयुगांचाच. गॅस गळला तर कळावा म्हणून सिलिंडरमध्ये घालतात ते वासाचं द्रव्यही गंधकाचंच. दिवाळीच्या फटाक्यांची दारू. खाडीकाठी किंवा मोठ्या नाल्यालगत राहणाऱ्यांना तर सांगायलाच नको, ओहोटीच्या वेळी येणारा कुजका वास म्हणजे हाच वायू. आणि लोकर, रबर, काही रंगवलेली कापडं. ही शेवटची तीन आपण पेटीत स्वतःच्या हाताने कोंडतो. पेटी निवडणं म्हणजे मुख्यतः ही तीन आत येऊ न देणं.

पहिलं काम: सगळी चांदी जमिनीवर मांडा

पेटी बघायला जाण्याआधी एका दुपारी सतरंजीवर जुनी चादर अंथरा आणि घरातली चांदी त्यावर मांडा. कपाटातली, देव्हाऱ्यातली, बाळंतविड्यात आलेली, लग्नातल्या बंद डब्यांतली, सगळी. मग ढीग करा.

एक ढीग भरीव भांड्यांचा: ताटं, वाट्या, फुलपात्रं, तांब्या, पेले. दुसरा पूजेचा: निरांजनं, पळी-पंचपात्री, करंडा, अत्तरदाणी, गुलाबदाणी, टाक, गौरीचे मुखवटे असतील तर ते. तिसरा चमचे-काट्यांचा. चौथा ढीग शंकेचा. त्यात जर्मन सिल्व्हर निघेल, ज्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी औषधालाही नसते. मुलामा दिलेली भांडीही निघतील. ती पेटीत घालू नयेत असं नाही, पण त्यांच्यासाठी महागडं अस्तर कशाला?

प्रत्येक वस्तूचं वजन आणि उंची लिहा, मोबाईलवर फोटो काढा. ही यादी पेटीत ठेवू नका. पेटी गेली तर यादीही जायची.

बहुतेक घरांत पेटीचं माप ठरवते ती समई किंवा गुलाबदाणी. समईचे आटे फिरवून तुकडे सुटतात का बघा. सुटत असतील तर पेटीची खोली निम्म्यावर येते. न सुटणारी उंच समई आडवी निजवावी लागते आणि तिच्या वजनाने खालच्या वाटीला पोचा पडतो. जुनी घरगुती चांदी बरीच शुद्ध असते, म्हणून मऊही. स्टर्लिंग म्हणजे ९२.५ टक्के चांदी, उरलेलं बहुधा तांबं. ते तांबं घालतात ते कडकपणासाठीच. आपल्याकडच्या पातळ वाट्या त्याहून शुद्ध असल्या तर बोटाने दाबूनही वाकतात.

माप आणि वजन

हा हिशेब कुणी करत नाही आणि मग पेटी उचलताना कंबर धरते. सागवानाची ६० बाय ४० बाय २५ सेंटिमीटरची पेटी, फळी दीड सेंटिमीटर जाड, रिकामीच साधारण साडेनऊ किलो भरते. आमची चांदी सात-साडेसात किलो. बिजागऱ्या, कोपरे, आतले खण धरले तर अठरा किलोंच्या पुढे. ही पेटी दिवाणाखालून एकटीने ओढून काढायची म्हणजे कसरत, आणि जी पेटी काढायचा कंटाळा येतो तिच्यातली चांदी वापरात राहत नाही.

मी आता दोन छोट्या पेट्यांच्या बाजूची आहे. एकीत सणासुदीचं, दुसरीत नेहमी लागणारं. ज्यांच्याकडे तीन किलोंपर्यंतच चांदी आहे त्यांनी एकच घ्यावी, पण मुठी नीट बघून. मूठ नुसत्या स्क्रूवर बसवलेली नको, आरपार बोल्ट हवा. खाली दोन-तीन सेंटिमीटरचे पाय हवेत, नाहीतर फरशी पुसताना पाणी तळाला लागतं आणि मग वाळवीला आमंत्रण.

पेटी राहणार कुठे हेही आत्ताच ठरवा. स्वयंपाकघर नको. बाथरूमची भिंत पलीकडे असेल ती बाजू नको. वरच्या मजल्यावरचा माळा उन्हाने तापतो आणि पावसात गळतो, तोही नको. झोपायच्या खोलीतलं कपाट, बाहेरच्या भिंतीपासून हातभर आत, ही सगळ्यांत बरी जागा.

लाकूड, पत्रा की प्लास्टिक

लाकडाची पेटी देखणी दिसते यात वाद नाही. पण लाकूड गप्प बसत नाही, ते आम्लाची वाफ सोडत राहतं. ओक त्यात बदनाम आहे. संग्रहालयांत शिसं किंवा शिसंमिश्रित वस्तू ओकच्या कपाटात ठेवत नाहीत. चांदीला या वाफेचा त्रास शिशाइतका होत नाही, म्हणून सागवान, शिसव, कोकणातलं फणसाचं लाकूड, यांपैकी जुनं आणि चांगलं वाळलेलं काहीही चालेल. जुन्या दरवाजाच्या फळ्या मिळाल्या तर सोनंच. प्लाय आणि एमडीएफ मात्र मी टाळते. त्यातला गोंद महिनोन्महिने वास सोडतो, आणि पेटीत चांदीबरोबर पितळेची घंटा किंवा तांब्याचं ताम्हन ठेवणार असाल तर ती आधी खराब होतात.

पॉलिश बाहेरून हवं ते करा. आतून लाकूड कोरं ठेवा, किंवा लाखेचं स्पिरिट पॉलिश. मेलामाइन आणि जवसाच्या तेलाचा हात आत नको. नवी पेटी घरी आली की निदान महिनाभर झाकण उघडं ठेवून सावलीत ठेवा, मग नाक आत घालून वास घ्या. डोळ्यांत झोंबलं किंवा ‘नवीन फर्निचर’चा वास आला तर अजून पंधरा दिवस.

आता एक गोष्ट सांगते जी सुतारांना आवडणार नाही. चांदीच्या दृष्टीने पावडर कोटिंग केलेला पत्रा लाकडापेक्षा बरा. तो काही सोडत नाही; संग्रहालयांच्या गोदामांतही तशीच कपाटं असतात. सासूबाईंची ट्रंक जिंकली ती त्यामुळेच. पत्र्याचा दोष एवढाच की गार रात्री आत दंव धरतं आणि भांडं आदळलं तर चांदीलाच पोचा येतो. आत कापडाची जाड गादी घातली की दोन्ही त्रास कमी होतात.

आणि ज्यांना पेटी फक्त वापरायची आहे, दाखवायची नाही, त्यांनी घट्ट झाकणाचे पॉलिप्रॉपिलीनचे डबे घ्यावेत. डब्याच्या तळाला पीपी किंवा त्रिकोणात ५ असा आकडा असतो. झाकणाची रिंग पांढऱ्या सिलिकॉनची चालते, काळ्या रबराची नको. पाहुण्यांसमोर काढायला शोभत नाही, पण चांदी खूश राहते.

लाकडी पेटी दुकानातून घेणार असाल तर झाकणाची परीक्षा तिथेच करा. मोबाईलचा टॉर्च लावून आत ठेवा, झाकण मिटा आणि दुकानदाराला क्षणभर दिवे घालवायला सांगा. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथून वर्षभर हवा जाणार. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा दुकानदार हसला. बिजागरीकडची फट बघून त्याने स्वतःच दुसरी पेटी काढली. सांध्यांत डवटेल, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या खाचा, आहे का, की नुसते खिळे, तेही त्याच उजेडात दिसतं. झाकण मागे पडून बिजागरी उपटू नये म्हणून साखळी किंवा स्टे असावा. कुलपाचं फार मनावर घेऊ नका. ज्याला चोरायचं आहे तो पेटीच उचलून नेतो.

अस्तर

खरी निवड इथे आहे.

बनात आणि लोकरीचं फेल्ट अजिबात नको. लोकरीतल्या प्रथिनात गंधक असतं. केस जळल्यावर जो वास येतो तो त्याचाच. लोकर नुसती शेजारी असली तरी पुरतं. जाता जाता: खऱ्या जरीची जुनी पैठणी असेल तर तीही लोकरीच्या शालीला लावून ठेवू नका, त्या जरीत चांदीच असते.

काळं, गडद खाकी, गडद हिरवं सुती कापडही संशयित. सुतावर हे रंग स्वस्तात चढवायला सल्फर डाय वापरतात. म्हणजे ‘प्युअर कॉटन’ लिहिलेलं असूनही कापडात गंधक हजर.

मखमलीचं सांगणं कठीण. सराफ भेटवस्तूचा सेट देतात त्या लाल-निळ्या डब्यांत मखमलीखाली फोम असतो आणि मखमल चिकटवलेली असते रबराच्या सोल्युशनने. चार-पाच वर्षांत फोम चिकट होऊन त्याचा भुगा पडतो. तो डबा देण्या-घेण्यापुरता. घरी आल्यावर चांदी त्यातून बाहेर काढा. गुलाबी कागदही काढून टाका. आमच्याकडे दमट हवेत त्याचा रंग उतरून एका निरांजनाला गुलाबी डाग बसला होता. वर्तमानपत्रात तर चांदी कधीच गुंडाळू नये.

मग काय लावायचं? आपल्याकडे सहज मिळणारं आणि स्वस्तातलं उत्तर मांजरपाट. रंग नाही, ब्लीच नाही. मात्र त्यात कांजी असते, म्हणून गरम पाण्यात दोनदा धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच वापरायचं. धुऊन धुऊन मऊ झालेलं पांढरं धोतर किंवा फिकट रंगाचं सुती लुगडं त्याहून छान.

मांजरपाट चांदीला त्रास देत नाही, पण बाहेरून येणारं गंधक अडवतही नाही. ते काम करतं पॅसिफिक सिल्व्हरक्लॉथ नावाचं तपकिरी कापड. अमेरिकेतल्या पॅसिफिक मिल्सचं हे जुनं उत्पादन. त्याच्या धाग्यांत चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवलेले असतात, आत शिरणारं गंधक आधी त्या कणांशी भिडतं आणि भांडं वाचतं. अमेरिकेत राहणाऱ्यांना ते वारावर विकत मिळतं. इकडे मागवायचं तर स्वस्त पडत नाही, म्हणून सगळ्या पेटीला लावण्याऐवजी मी त्याच्या फक्त पिशव्या शिवल्या, रोजच्या वापरात नसलेल्या नक्षीच्या वस्तूंपुरत्या. हे कापड धुवायचं नसतं.

अस्तर चिकटवायचं नाही, हा माझा आग्रह. सुताराला सांगा, ‘दादा, आत काही लावू नका, मी बघते.’ मग पेटीच्या आतल्या मापाचा उशीच्या अभ्र्यासारखा खोळ शिवा आणि वरच्या काठाला नाडीने किंवा पितळी टाचण्यांनी अडकवा. गोंदाचा प्रश्न मिटतो, आणि वर्षातून एकदा अस्तर काढून धुता येतं.

बरणीची परीक्षा

कापड चांगलं की वाईट हे दुकानदाराला विचारू नका, चांदीलाच विचारा. ब्रिटिश म्युझियममधल्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ साली अशी चाचणी मांडली: ज्या वस्तूची शंका आहे तिचा तुकडा, थोडं पाणी आणि धातूची पट्टी एका बंद काचनळीत घालून गरम ठेवायची. आजच्या पद्धतीत ६० अंश तापमानात २८ दिवस ठेवतात आणि चांदी, तांबं, शिसं असे तीन धातू वापरतात. घरी त्याची गरीब आवृत्ती करता येते.

जॅमच्या तीन-चार सारख्या बरण्या स्वच्छ धुऊन वाळवा. प्रत्येकीत बाटलीच्या बुचात ओला कापूस ठेवा. सराफाकडून तुटक्या पैंजणाच्या कड्या आणा, एकसारख्या चमकवा आणि दोऱ्याने झाकणाला अशा टांगा की कशालाच टेकणार नाहीत. एका बरणीत मांजरपाटाचा दोन इंची तुकडा, दुसरीत शंका असलेली मखमल, तिसरीत दुकानदार सुचवतोय ते कापड. एक बरणी नुसतीच, कापडाशिवाय. तिच्याशी बाकीच्यांची तुलना करायची. झाकणं घट्ट लावून खिडकीत उन्हाजवळ ठेवा. घरात ६० अंशांची ऊब नसते, म्हणून मी सहा आठवडे थांबते.

माझ्या बरण्यांत बनातीची कडी दहाव्या दिवशी गवती पिवळी झाली आणि महिन्याने तपकिरी. काळी मखमल चौथ्या आठवड्यात पिवळी पडली. मांजरपाट आणि रिकामी बरणी, दोन्हींतल्या कड्या शेवटी सारख्याच होत्या, शेजारी ठेवल्या तर ओळखू येईनात. ही परीक्षा पेटीच्या लाकडाच्या ढलप्यांवर आणि गोंदावरही करता येते, सुताराकडून मूठभर मागून आणा.

आत मांडायचं कसं

जड खाली, हलकं वर, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. ताटं एकावर एक ठेवताना मध्ये कापडाचा गोल तुकडा घाला, नाहीतर वरच्या ताटाचा तळ खालच्यावर चरे पाडतो. वाट्या एकात एक घट्ट बसवू नका. अडकली की काढताना काठ वाकतो. टाक आणि मुखवटे उताणे, तोंडावर काही नाही.

काटे-चमच्यांचा पुरा सेट असेल, म्हणजे बारा माणसांचा, माणशी सहा नग धरले तर बहात्तर, तर त्याला खाचांची वेगळी ट्रे हवी. सुऱ्यांच्या मुठी अनेकदा पोकळ असून आत राळ भरलेली असते, त्या गरम पाण्यात बुडवायच्या नाहीत. चमच्यांची जुडी रबरबँडने बांधू नका. आमच्या सहा चमच्यांवर त्याची काळी रेघ आहे, तीनदा पॉलिश करूनही पुसट दिसते. सुती नाडी बांधा.

पेटी भरायच्या दिवशी

मळलेली चांदी पेटीत गेली तर कितीही चांगली पेटी असो, उपयोग नाही. हळदकुंकू, तेल, पंचामृत, बोटांचे ठसे सौम्य साबणाने कोमट पाण्यात धुवा. मीठ लागलेलं असेल तर लगेच. मीठ चांदीला खड्डे पाडतं. रांगोळीने घासू नका, टूथपेस्टनेही नाही. ॲल्युमिनियमची फॉइल, गरम पाणी आणि खायचा सोडा हा उपाय साध्या वाट्या-ताटांना ठीक, पण नक्षीच्या खाचांतला मुद्दाम ठेवलेला काळेपणाही त्यात जातो आणि समई मग नवी कोरी, ओळख पुसलेली दिसते. पोकळ आणि लाख भरलेल्या वस्तू त्यात अजिबात नकोत.

पुसून झाल्यावर तासभर पंख्याखाली ठेवा. गुलाबदाणीच्या मानेत आणि समईच्या आट्यांत पाणी राहतं, तिथे हेअर ड्रायरचा गार झोत. पेटी भरताना हातात धुतलेले सुती मोजे घालते मी. हास्यास्पद दिसतं, पण ठसे उमटत नाहीत.

आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. नारिंगी रंगाचं घ्या, ते ओलावा प्यायलं की हिरवं होतं आणि ओव्हनमध्ये १२० अंशांना दोनेक तास तापवलं की परत कामाला येतं. निळ्या-गुलाबी जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते नको. जेल फक्त ओलावा घेतं. गंधकासाठी कोळशाच्या पट्ट्या वेगळ्या मिळतात, वर्षाने बदलायच्या. दोन्ही चांदीला टेकू देऊ नका. डांबराच्या गोळ्या कपड्यांच्या कपाटात राहू द्या.

लॉकरमध्ये ठेवायची असेल तर

तिथेही हेच नियम, पेटीऐवजी झिपच्या पॉलिथीन पिशव्या, आत मांजरपाटात गुंडाळलेली वस्तू. तळघरातली लॉकर-खोली पावसाळ्यात किती दमट असते ते एकदा आत जाऊन बघा. आणि हे लक्षात असू द्या: रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांत नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच. तीन हजार भाडं असेल तर तीन लाख. शिवाय चांदी जागा फार खाते. माझ्या मते लॉकर सोन्याला, चांदी घरात.

आमची सागवानी पेटी मी टाकली नाही. बनात खरवडून काढली, सोल्युशनचा उरलेला थर पॉलिशपेपरने घासला, दोन महिने उघडी ठेवली, आणि सासूबाईंच्या त्याच लुगड्यांचा खोळ शिवला. झाकणाच्या आतल्या बाजूला पट्ट्या बदलल्याची तारीख पेन्सिलने लिहिते. सगळ्यांत वर, हाताला लगेच येईल अशी, लेकीच्या उष्टावणाला तिच्या मामाने दिलेली वाटी असते. तिच्यातून आता भाचा रोज दूधभात खातो, आणि पेटीत फार वेळ न राहिल्यामुळे तिला अजून एकदाही पॉलिश लागलेलं नाही.